पिचर काढला का, आणि आणला कोणाला?

भाग ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी आधीच सांगतो. जसं बोललो तसंच इथे ठेवलंय, फक्त मधले 'अं' आणि चहाचे घोट काढून टाकलेत.

आजचा विषय आहे बेसबॉल. थांबा, लगेच पुढच्या भागावर उडी मारू नका. बेसबॉलचे नियम येत नसतील तरी चालेल. कारण आज खेळापेक्षा जास्त बोलायचंय ते खेळावरून होणाऱ्या भांडणांबद्दल. 'याला टीममध्ये घेतलाच कशाला', 'त्याला बाहेर का काढला', 'मॅनेजरला घरी पाठवा'. ही भांडणं आपण क्रिकेटवरून रोज घालतो. अमेरिकेत बेसबॉलवरून घालतात, आणि तिथे ती जास्त चिघळतात. त्याचं कारण खेळाच्या एका नियमात आहे. तो आधी सांगतो.

क्रिकेटमध्ये एखाद्या बोलरला मार पडला की कॅप्टन त्याला बाजूला करतो आणि पाच ओव्हरनंतर परत आणतो. बेसबॉलमध्ये ती सोय नाही. एकदा खेळाडू बदलला की तो त्या सामन्यापुरता संपला. परत येऊ शकत नाही. आणि बदलायचं की नाही हे मैदानातला कॅप्टन ठरवत नाही, मॅनेजर ठरवतो. तो डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाच्या कडेच्या त्या खोलगट जागेत बसलेला असतो, खेळाडूंसारखाच युनिफॉर्म घालून. पिचर बदलायचा असला की तो सगळ्यांच्या देखत चालत मैदानाच्या मधोमध जातो आणि पिचरच्या हातातून चेंडू घेतो. स्टेडियममधले चाळीस-पन्नास हजार लोक त्या चालण्याकडे बघत असतात. म्हणजे कसं, तर अनडू नसलेलं बटण आणि ते दाबतानाचं थेट प्रक्षेपण.

आणखी दोन-तीन गोष्टी. सामना नऊ इनिंगचा असतो. प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही बाजूंना बॅटिंग मिळते, तीन आउट झाले की बाजू बदलते. सुरुवात करणारा पिचर साधारण शंभर चेंडूंपर्यंत टिकतो, त्यानंतर हात दमतो. मग 'बुलपेन'मधून, म्हणजे राखीव पिचर जिथे हात गरम करत असतात तिथून, नवा पिचर येतो. त्याला रिलीव्हर म्हणतात. बास, एवढं पुरे.

आता माझी गोष्ट. २८ ऑक्टोबर २०२०, बुधवार सकाळ. लॉकडाउनचे दिवस, वर्क फ्रॉम होम, दहाची स्टँडअप मीटिंग. अमेरिकेतला रात्रीचा सामना आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या पुढे सुरू होतो, त्यामुळे मी लॅपटॉपवर वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना लावून बसलो होतो. लॉस एंजेलिस डॉजर्स विरुद्ध टँपा बे रेज. कोविडमुळे अख्खी सिरीज टेक्सासमध्ये आर्लिंग्टनच्या एकाच मैदानावर चालली होती. डॉजर्स ३-२ ने पुढे, म्हणजे हा सामना गेला की रेजचा खेळ खल्लास. मी रेजच्या बाजूने. कारण सोपं होतं. लीगमधल्या सगळ्यात कमी पगारखर्च असलेल्या टीमपैकी ती एक, समोर पैसेवाली टीम. आपल्याला असलं आवडतंच.

रेजचा पिचर होता ब्लेक स्नेल, डावखुरा. त्या दिवशी तो वेगळ्याच तंद्रीत होता. सहाव्या इनिंगमध्ये एक आउट होईपर्यंत त्याने ७३ चेंडू टाकले होते. नऊ स्ट्राइकआउट, एकही वॉक नाही. समोरच्या टीमचे पहिले तीन बॅटर, मुकी बेट्स, कोरी सीगर आणि जस्टिन टर्नर, त्याच्यासमोर प्रत्येकी दोनदा आले आणि सहाच्या सहा वेळा स्ट्राइकआउट झाले. रेज १-० ने पुढे. तेवढ्यात ऑस्टिन बार्न्सने एक साधा हिट मारला. स्नेलने दिलेला दिवसभरातला फक्त दुसरा. आणि डगआउटमधून मॅनेजर केव्हिन कॅश बाहेर आला.

मी घरात ओरडलो, 'नको रे!' आई स्वयंपाकघरातून म्हणाली, 'काय झालं, सर्व्हर बंद पडला का?'

कॅशने स्नेलला काढला. स्नेलच्या तोंडून जे निघालं ते कॅमेऱ्यात स्पष्ट दिसलं, इथे सांगत नाही. निक अँडरसन आला. बेट्सने लगेच डबल मारला. मग एक चेंडू कॅचरच्या हाताला न लागता मागे गेला आणि बार्न्स घरी आला, १-१. मग सीगरच्या साध्या ग्राउंडरवर बेट्स पळत सुटला आणि घरी पोहोचला, २-१. आठव्या इनिंगमध्ये बेट्सने होमरन मारला, ३-१. सामना संपला, सिरीज संपली. डॉजर्सना १९८८ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज मिळाली.

मी माझ्या आतेभावाला फोन लावला. तो न्यू जर्सीत असतो, माझ्याहून बराच मोठा, आणि न्यूयॉर्क यांकीजचा कट्टर फॅन. मी म्हटलं, 'दादा, असल्या मॅनेजरला उद्याच्या उद्या काढला पाहिजे. एक्सेल शीट बघून टीम चालवतात का कधी? डोळ्यांना दिसत होतं ना तो किती भारी टाकतोय!'

दादा हसायला लागला. म्हणाला, 'तू तेव्हा बालवाडीत होतास. २००३ मध्ये बोस्टनच्या मॅनेजरने नेमकं उलटं केलं होतं. डोळ्यांवर विश्वास ठेवला आणि पिचरला काढला नाही. त्याची नोकरी गेली.'

तर आता २००३ मध्ये जाऊ.

१६ ऑक्टोबर २००३, यांकी स्टेडियम. बोस्टन रेड सॉक्स विरुद्ध यांकीज, अमेरिकन लीगच्या फायनलचा सातवा सामना. जिंकेल तो वर्ल्ड सिरीजमध्ये. बोस्टनने शेवटची वर्ल्ड सिरीज जिंकली होती १९१८ मध्ये. म्हणजे आजोबा वाट बघत गेले, वडील वाट बघत म्हातारे झाले, अशी घरं त्या शहरात होती.

बोस्टनचा पिचर पेड्रो मार्टिनेझ. तीन वेळा साय यंग पुरस्कार मिळवलेला, पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलेला, त्या काळातला सर्वोत्तम पिचर म्हटलं तरी फारसं कोणी भांडणार नाही. सात इनिंग त्याने काढल्या, शंभर चेंडू झाले. सातवी संपवून बाहेर जाताना त्याने आकाशाकडे बोट दाखवलं. त्याचं काम झालं की तो तसं करायचा. आठव्या इनिंगला बोस्टन ५-२ ने पुढे. सहा आउट हवे होते, फक्त सहा.

मॅनेजर ग्रेडी लिटलने आठव्या इनिंगला पेड्रोलाच परत पाठवलं. पहिला बॅटर आउट. मग डेरेक जीटरचा डबल. बर्नी विल्यम्सचा सिंगल, ५-३. आता लिटल चालत मैदानात गेला. बुलपेनमध्ये डावखुरा अ‍ॅलन एम्ब्री तयार उभा होता, आणि पुढचा बॅटर हिदेकी मात्सुई, तोही डावखुरा. डावखुऱ्या बॅटरसमोर डावखुरा पिचर आणायचा, हे बेसबॉलमधलं अगदी प्राथमिक गणित. लिटलने पेड्रोला विचारलं, जमेल का? पेड्रो हो म्हणाला. लिटल रिकाम्या हाताने परत गेला.

मात्सुईचा डबल. मग होर्हे पोसाडाचा एक अर्धवट लागलेला चेंडू, इन्फिल्डच्या मागे आणि आउटफिल्डच्या पुढे, कोणाच्याच हाताला न येता मध्ये पडला. दोन रन, ५-५. तेव्हा कुठे पेड्रोला काढलं, १२३ चेंडूंनंतर. अकराव्या इनिंगमध्ये आरन बून नावाच्या बॅटरने पहिल्याच चेंडूवर होमरन मारला आणि यांकीज ६-५ ने जिंकले. दादा तेव्हा तिथे शिकत होता. तो सांगतो की त्या रात्री तो होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये धावत सुटला होता. आरन बून हे नाव लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

महिना संपायच्या आत बोस्टनने लिटलचा करार पुढे वाढवायचा नाही असं ठरवलं. त्याच्या टीमने त्या वर्षी ९५ सामने जिंकले होते. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते त्याचं एक चालणं, मैदानात जाऊन रिकाम्या हाताने परत येणं.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. लिटलने थकलेला पिचर ठेवला, हरला, शिव्या खाल्ल्या. कॅशने न थकलेला पिचर काढला, हरला, शिव्या खाल्ल्या. म्हणजे आपण फॅन लोक ठेवणं-काढणं यावर बोलत असतो असं आपल्याला वाटतं, पण खरं तर आपण स्कोअरबोर्ड वाचत असतो. निकाल आधी बघायचा आणि मग त्याला शोभेल असं कारण मागे जाऊन शोधायचं.

याचा सगळ्यात चांगला नमुना म्हणजे डेव्ह रॉबर्ट्स. २०१६ पासून डॉजर्सचा मॅनेजर. या एका माणसाने दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्यात.

२०१८ ची वर्ल्ड सिरीज, चौथा सामना. त्याचा पिचर रिच हिल ४-० ने पुढे, सातव्या इनिंगमध्ये, एकच हिट दिलेला. रॉबर्ट्सने त्याला ९१ चेंडूंनंतर काढला. बुलपेनने सामना घालवला, ९-६. लोक इतके चिडले की तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांनीही ट्वीट करून नावं ठेवली. पण नंतर रॉबर्ट्सने सांगितलं की हिल स्वतःच त्या इनिंगच्या आधी त्याला 'माझ्यावर लक्ष ठेव' म्हणाला होता. घरी बसलेल्याला हे कुठून कळणार?

पुढच्या वर्षी, २०१९. डॉजर्सनी १०६ सामने जिंकलेले. वॉशिंग्टनविरुद्ध पाचवा, निर्णायक सामना. यावेळी रॉबर्ट्सने भरवशाचा माणूस ठेवला. क्लेटन कर्शॉ सातव्या इनिंगमध्ये आला, त्याने तीन चेंडूंत बॅटर उडवला. त्याला आठव्या इनिंगलाही ठेवलं. लागोपाठ दोन चेंडूंवर दोन होमरन, अँथनी रेंडॉन आणि हुआन सोटो. ३-१ चे ३-३. दहाव्या इनिंगमध्ये ग्रँड स्लॅम खाऊन सामना गेला. आदल्या वर्षी 'का काढलास' म्हणणारे लोक आता 'का ठेवलास' म्हणत होते, आणि बऱ्याच जणांना रॉबर्ट्स आता घरी गेलेलाच बरा वाटत होता.

त्याला काढला नाही. २०२० मध्ये तो जिंकला. तोच सामना, ज्यात कॅशने स्नेलला बाहेर काढला. समोरच्या डगआउटमध्ये रॉबर्ट्सच होता. त्याच्या बाजूच्या लोकांनी नंतर मोकळेपणाने सांगितलं की स्नेल गेला म्हणून त्यांना हायसं वाटलं.

आता खरी मजा पुढे आहे. स्नेल पुढे फिरत फिरत त्याच डॉजर्सकडे आला. ऑक्टोबर २०२५, मिल्वॉकीविरुद्ध नॅशनल लीग फायनलचा पहिला सामना. स्नेलने आठ इनिंग टाकल्या, एक हिट, दहा स्ट्राइकआउट. आणि नवव्या इनिंगला रॉबर्ट्सने त्याला काढला! रिलीव्हरची भंबेरी उडाली, एक रन गेला, बेस भरले, दुसरा रिलीव्हर आणावा लागला, आणि कसाबसा शेवटचा स्ट्राइकआउट मिळून डॉजर्स २-१ ने जिंकले. तोच पिचर, तसाच निर्णय, आणि तशीच बुलपेनची तारांबळ. पण जिंकले, त्यामुळे विषय दोन दिवसांत संपला. तो शेवटचा बॅटर स्ट्राइकआउट होण्याऐवजी हिट मारता, तर आज मी या भागात २०२० ऐवजी २०२५ चीच गोष्ट लावून धरली असती.

तर मग मॅनेजरला नावं ठेवायचीच नाहीत का? सगळं नशीब म्हणून सोडून द्यायचं? नाही. मला तेही पटत नाही. नावं जरूर ठेवावीत, फॅन म्हणून तो हक्कच आहे. फक्त हिशोब नीट मांडावा. दादाशी भांडून भांडून मी तीन प्रश्न ठरवलेत. निर्णय झाला त्या क्षणी, निकाल माहीत नसताना, हे विचारायचे.

पहिला प्रश्न, जो मैदानात आहे त्याच्याबद्दल तेव्हा काय माहीत होतं? दुसरा, त्याच्या जागी येणाऱ्याबद्दल काय माहीत होतं? आणि तिसरा, हे कोणाला विचारून ठरवलं?

आपण भांडतो तेव्हा बहुतेक वेळा पहिल्याच प्रश्नावर अडकतो. 'काढला का?' यावर तासभर. पण काढणं हा अर्धाच निर्णय आहे. उरलेला अर्धा म्हणजे आणला कोणाला. आणि तो अर्धा मुळात टीम बांधताना ठरतो, रोस्टर बनवताना, कधी कधी सहा महिने आधी.

कॅशला हे प्रश्न लावू. पहिला प्रश्न. त्याच्या बाजूने बोलायला जागा आहे. एकाच सामन्यात बॅटर त्याच पिचरला तिसऱ्यांदा सामोरा येतो तेव्हा सरासरी जास्त फटकावतो, हे बेसबॉलमध्ये वर्षानुवर्षांच्या आकड्यांतून दिसलेलं आहे. बेट्स तिसऱ्यांदा येत होता. स्नेलने त्या वर्षी एकाही सामन्यात पूर्ण सहा इनिंग टाकल्या नव्हत्या. आणि रेजची टीम याच पद्धतीने तिथवर आली होती. २०१८ मध्ये सुरुवातीलाच एका इनिंगसाठी रिलीव्हर टाकायची पद्धत त्यांनीच रूढ केली होती. ज्या शिस्तीने फायनल गाठली ती फायनलमध्ये सोडायची का, हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. पण दुसऱ्या बाजूला हेही माहीत होतं की बेट्स त्या वर्षी डावखुऱ्या पिचरसमोर चाचपडत होता. स्नेल डावखुरा. अँडरसन उजवा.

दुसरा प्रश्न, आणि इथे कॅश माझ्या मते चुकला. अँडरसन त्या वर्षी नियमित सीझनमध्ये भन्नाट होता, पण प्लेऑफमध्ये तो दमला होता. आधीच्या सामन्यांमध्ये तो सतत रन देत आला होता. म्हणजे आकडे बघितले ही चूक नव्हतीच. सीझनभराचे आकडे बघितले आणि मागच्या दोन आठवड्यांचे सोडले. त्यामुळे मी त्या सकाळी जे ओरडलो, 'एक्सेल शीट बघून टीम चालवतात का', ते चुकीचं होतं. शीट बघावीच, पण अपडेट केलेली बघावी.

गंमत म्हणजे काही दिवसांनी केव्हिन कॅशला त्या वर्षीचा अमेरिकन लीगचा सर्वोत्तम मॅनेजर हा पुरस्कार मिळाला. मतदान प्लेऑफच्या आधी झालेलं असतं. माणूस तोच, ऑक्टोबरमध्ये खलनायक आणि नोव्हेंबरमध्ये पुरस्कार.

आता लिटल. पहिला प्रश्न. पेड्रो शंभर चेंडूंच्या पुढे गेला की उतरतो, हे त्या सीझनमध्ये बोस्टनच्या ऑफिसला चांगलं माहीत होतं. त्या ऑफिसात आकडेवारीचा गुरू बिल जेम्स होता, आणि टीम बांधणारा थिओ एपस्टाईन. २००२ मध्ये त्याला ती जबाबदारी मिळाली तेव्हा तो २८ वर्षांचा होता. साधारण माझ्याच वयाचा, हे आठवलं की मला थोडं कसंतरीच होतं. दुसरा प्रश्न. बोस्टनचं बुलपेन सीझनच्या सुरुवातीला अगदीच रडतखडत चालत होतं, एक ठरलेला शेवटचा पिचर न ठेवण्याचा त्यांचा प्रयोग फसला होता. लिटलच्या मनात ते घर करून राहिलं असणार. पण प्लेऑफमध्ये माइक टिमलिन आणि एम्ब्री जबरदस्त टाकत होते, समोरच्यांना जवळपास काहीच मिळत नव्हतं. त्याला एप्रिलमधलं बुलपेन आठवत होतं, समोर ऑक्टोबरमधलं होतं. म्हणजे कॅश आणि लिटल दोघांची चूक एकच. दोघांनीही आपल्या माणसांचं जुनं रूप धरून ठेवलं. एकाने जुनं चांगलं रूप, दुसऱ्याने जुनं वाईट.

आणि तिसरा प्रश्न, कोणाला विचारलं? लिटलने पेड्रोलाच विचारलं. अहो, पेड्रो मार्टिनेझला, सातव्या सामन्यात, यांकी स्टेडियमवर, 'दमलास का' विचारल्यावर तो 'हो' म्हणेल? तो स्वाभिमानी माणूस आहे. म्हणून तर तो पेड्रो आहे. पेड्रोने नंतर लिटलला दोष दिला नाही, जबाबदारी स्वतःवर घेतली. पण निर्णय त्याचा नव्हताच. ज्याच्या हातात चेंडू आहे त्याला विचारून निर्णय त्याच्यावर ढकलता येत नाही.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायची आहे, कारण ती सांगितली नाही तर हा भाग खोटा होईल.

एका जुन्या नोकरीत रात्री डेटाबेसचं एक मोठं काम होतं. मी टीममध्ये सिनियर. माझ्यासोबत एक ज्युनियर मुलगा, हुशार, सगळ्या स्क्रिप्ट त्यानेच लिहिलेल्या. काम लांबलं, रात्रीचे तीन वाजले. तो सकाळी नऊपासून जागा होता. शेवटची पायरी उरली. मी विचारलं, 'जमेल ना रे? की उद्या करू?' तो म्हणाला, 'हो हो, करतो.' नोकरीला सहा महिने झालेला मुलगा सिनियरला दुसरं काय सांगणार? त्याने स्क्रिप्ट चुकीच्या डेटाबेसवर चालवली. बॅकअपमधून सगळं उभं करायला दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ झाली.

मग मीटिंग झाली. काय चुकलं, कोणाचं चुकलं. तो मुलगा मान खाली घालून म्हणाला, 'माझी चूक.' आणि मी गप्प बसलो. मीटिंगच्या नोंदीत त्याचं नाव गेलं. माझं नाही.

पेड्रोबद्दल वाचलं तेव्हा मला तो मुलगा आठवला. मी इतकी वर्षं केव्हिन कॅशला शिव्या घालत होतो, ग्रेडी लिटलवर हसत होतो. त्या रात्री मीच ग्रेडी लिटल होतो. फरक एवढाच की लिटलचं चालणं सगळ्या अमेरिकेने बघितलं आणि त्याची नोकरी गेली. माझं कोणी बघितलं नाही, आणि मी दुसऱ्याच्या नावाआड लपलो. मागच्या महिन्यात त्या मुलाला फोन करून हे सगळं सांगितलं. तो आता दुसऱ्या कंपनीत आहे, बरं चाललंय त्याचं. तो म्हणाला, 'सोड ना दादा, झालं ते झालं.' पण त्याला सगळं नीट आठवत होतं, मी नेमके काय शब्द वापरले ते सुद्धा.

असो. आता शेवटाकडे. बोस्टनचं काय झालं? पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, नवा मॅनेजर टेरी फ्रँकोना, समोर परत यांकीज, आणि बोस्टन ०-३ ने मागे. चौथ्या सामन्यात नवव्या इनिंगमध्ये हरायच्या बेतात असताना फ्रँकोनाने फक्त पळण्यासाठी एक माणूस आत आणला. सगळ्यांना माहीत होतं की तो बेस चोरणार. त्याने चोरला, बोस्टनने बरोबरी साधली, तो सामना जिंकला, मग उरलेले तीनही जिंकले, आणि ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीज. तो पळणारा माणूस कोण होता? डेव्ह रॉबर्ट्स. हो, तोच, पुढे डॉजर्सचा मॅनेजर झालेला. तिथे तो आउट झाला असता तर फ्रँकोनाची गणना आज कोणत्या यादीत झाली असती, विचार करा. तीन प्रश्न लावले तर मात्र तो निर्णय निकालाआधीच बरोबर होता. एका धावेने मागे, पळणारा वेगवान, आणि रोस्टरवर त्याला नेमकं याच कामासाठी ठेवलेलं.

आणि आरन बून? होमरन मारून दादाला कॉरिडॉरमध्ये पळवणारा? तो २०१८ पासून यांकीजचा मॅनेजर आहे. २६ ऑक्टोबर २०२४, आपली शनिवारची सकाळ, दादाची मध्यरात्र. वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना, दहावी इनिंग, यांकीज ३-२ ने पुढे. डॉजर्सचे दोघे बेसवर, समोर शोहेई ओहतानी. बूनने नेस्टर कोर्टेसला आणलं. कोर्टेस हाताच्या दुखापतीमुळे पाच आठवडे सामन्यात खेळलेला नव्हता. त्याच्या पहिल्या चेंडूवर ओहतानी आउट. मग बेट्सला मुद्दाम वॉक दिला. पुढच्या चेंडूवर फ्रेडी फ्रीमनने ग्रँड स्लॅम मारला. वर्ल्ड सिरीजच्या इतिहासात सामना तिथल्या तिथे संपवणारा पहिला ग्रँड स्लॅम.

फोन वाजला. दादा ओरडत होता, 'टिम हिल तयार बसला होता ना! डावखुरा, फॉर्ममध्ये! पाच आठवडे बसलेल्या माणसाला आणतात का?' मी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, 'दादा, कोर्टेसला ओहतानीसाठी आणला होता, आणि ओहतानी आउट झाला की.' तो म्हणाला, 'मग फ्रीमन काय अचानक उगवला? तो यादीत पुढेच होता ना!' खरं सांगू, यावेळी त्याचा मुद्दा बरोबर होता. तो निकालावरून नाही, दुसऱ्या प्रश्नावरून भांडत होता. फक्त बूनला हाकला, ही त्याची मागणी मला अजून मान्य नाही. त्यावर आम्ही दर ऑक्टोबरला भांडतो.

तुमची पाळी. तुमच्या टीमचा, कुठल्याही खेळातला, असा एखादा निर्णय सांगा जो हरला पण बरोबर होता. किंवा जिंकला पण चुकीचा होता. तो दुसरा प्रकार सापडायला जास्त वेळ लागतो, आधीच सांगतो. व्हॉइस नोट पाठवा, दोन मिनिटांच्या आत. चांगल्या पुढच्या भागात वाजवू.

आणि कधी रात्री तीन वाजता कोणाला 'जमेल ना?' विचारणार असाल, तर विचारू नका. तुम्हीच ठरवा, आणि दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये तुम्हीच बोला.

भेटू पुढच्या आठवड्यात.